कलम सातमधलं दुसरं वाक्य

प्रश्न : मी जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून २००७ सालची दोन दारांची गाडी घेतली. चौथ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला, तो आजतागायत येतो-जातो. व्यापाऱ्याने दोनदा ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला, फरक पडला नाही. आता तो करारातलं कलम ७ पुढे करतो : ‘गाडी जशी आहे तशी, खरेदीदाराने स्वतः पाहून-तपासून घेतली आहे. ताबा देतेवेळी डॅशबोर्डवर कोणताही इशाऱ्याचा दिवा लागलेला नव्हता.’ ताबा घेतल्याला दोन वर्षं व्हायला सात आठवडे उरलेत. गाडी परत देऊन पैसे मिळतील का?

उत्तर : ‘जशी आहे तशी’वर सही करून नंतर पत्र लिहिणारे इतके आहेत, की त्यांना मी एका ओळीत उत्तर देतो. तुम्हालाही तेच देणार होतो. पण तुम्ही पाठवलेल्या कागदांच्या तळाशी एक चुरगळलेली पावती आहे. दिवा पहिल्यांदा लागला त्या दिवशी कुठल्याशा गॅरेजमध्ये स्कॅनर लावला होतात, तिची. पत्रात तिच्याबद्दल अवाक्षर नाही. सेन्सर, मनस्ताप आणि व्यापाऱ्याचा उद्धटपणा यावर मात्र दोन पानं आहेत.

त्या पावतीवर कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेल्या दोषाचा क्रमांक, आहे पी०४२०. त्याच्याखाली, कोणी वाचत नाही अशी एक ओळ आहे : कोड पुसल्यापासून कापलेलं अंतर, ५२ किलोमीटर. त्या वेळचं ओडोमीटर ८४,३५६. आता ताबापावती काढा. तिच्यावर ओडोमीटर ८४,३१०. म्हणजे तुम्ही गाडी ४६ किलोमीटर चालवली होती आणि गाडीचा संगणक म्हणतो की त्याची स्मृती ५२ किलोमीटरपूर्वी पुसली गेली. उरलेले सहा किलोमीटर तुमचे नाहीत.

तुमचा सगळा दावा त्या सहा किलोमीटरांवर उभा आहे.

कलम सातचं पहिलं वाक्य व्यापाऱ्याच्या बाजूचं आहे, हे मान्य करून टाका. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार व्यापाऱ्याकडच्या मालाला दर्जाची गर्भित अट, म्हणजे न लिहिताही धरली जाणारी अट, असते खरी, पण तुम्ही माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष तिच्यातून वगळला जातो. शिवाय कलम ६२ नुसार गर्भित अटी करारानेच काढून टाकता येतात. ‘जशी आहे तशी’चं काम तेच. या वाक्याशी झुंजत बसलात तर हराल.

दुसरं वाक्य त्याने स्वतःच्या संरक्षणासाठी घातलं आणि तिथेच तो अडकला. दिवा लागलेला नव्हता, हे खरंच आहे. पण कोड पुसले की दिवा विझतोच, दोष तसाच राहतो. संगणकाला तपासण्या पुन्हा पूर्ण करायला थोडं चालणं लागतं, मग दिवा परत येतो. तुमच्याकडे तो चौथ्या दिवशी आला. दोष माहीत असताना तो झाकण्यासाठी काही करणं, याला भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम १७ कपट म्हणतं. कपटावर ‘जशी आहे तशी’चं पांघरूण पुरत नाही. तो म्हणेल की खरेदीदाराने थोडी काळजी घेतली असती तर कळलं असतं, आणि त्याच कायद्याच्या कलम १९ चा अपवाद वाचून दाखवेल. कपटाच्या बाबतीत तो अपवाद नुसतं मौन बाळगणाऱ्यासाठी आहे. पुसणं म्हणजे मौन नव्हे, असा युक्तिवाद मी करीन, आणि तो टिकावा असं मला वाटतं.

त्याचा बचावही ऐकून ठेवा. तो म्हणेल, गाडी उभी होती, बॅटरी काढून ठेवली होती, ताबा देण्याच्या थोडं आधी जोडली. अनेक जुन्या गाड्यांत बॅटरी काढली की कोड आणि हा आकडा दोन्ही शून्य होतात, त्यामुळे हे अगदीच पोरकट उत्तर नाही. त्यावर तुमचं शस्त्र एकच : ताब्याच्या आदल्या आठवड्यातला त्याचा व्हॉट्सॲप संदेश, ‘एकदाही दिवा लागलेला नाही, रोज फिरवतो’. रोज फिरणाऱ्या गाडीची बॅटरी काढून ठेवलेली नसते. हा संदेश आहे तो फोन विकू नका, बदलू नका. तुमची तक्रार जाईल ग्राहक आयोगाकडे. तो पुराव्याच्या कायद्याच्या प्रत्येक तांत्रिक अटीला चिकटून बसत नाही, तरी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडा. पुढे अपील झालं तर तोंड लपवावं लागणार नाही.

आणि तुमचा ब्लूटूथ स्कॅनर कपाटात टाका. दोन वर्षांत तुम्ही स्वतः तीन वेळा कोड पुसलेत, आणि वर अभिमानाने लिहिलंय, ‘दर वेळी दिवा गेला’. प्रत्येक वेळी पुरावा गेला. दोष नोंदला गेला त्या क्षणीचा इंजिनाचा वेग, तापमान, भार हे सगळं गाडी गोठवून ठेवते. पुसलं की तेही जातं. पहिली नोंद टिकली ती केवळ कागदावर होती म्हणून.

पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला, धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) गेला, असं तक्रारीत लिहू नका. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. कन्व्हर्टर धड असेल तर मागच्याचा आलेख बराचसा स्थिर राहतो. तोही पुढच्यासारखा वरखाली नाचू लागला की संगणक हा कोड टाकतो. पण एक्झॉस्टला गळती असेल, इंधन आणि हवेचं मिश्रण बिघडलेलं असेल किंवा सेन्सरच आळशी झाला असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. व्यापाऱ्याने दोनदा सेन्सर बदलला तो अंदाजपंचे. एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून गळती तपासून घ्या, दोन्ही सेन्सरचे चालू गाडीतले आलेख छापून घ्या, आणि त्याच्याकडून तारीख, ओडोमीटर व सहीसह लेखी अहवाल घ्या. तो प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असेल तर उत्तमच. काढलेले सुटे भाग जपून ठेवा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ नुसार, चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण एवढ्या जुन्या गाडीसाठी आयोग कोणाला नेमेल आणि कधी, यावर मी पैज लावणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. गाडी परत देऊन सगळे पैसे? अवघड आहे. दोष कळल्यावरही तुम्ही ती सुमारे दोन वर्षं वापरलीत. वस्तुविक्री अधिनियमाचं कलम ४२ म्हणतं, वाजवी मुदतीत नाकारली नाही तर वस्तू स्वीकारली असं धरलं जातं. मग उरते ती भरपाई : दुरुस्तीचा खर्च, आणि दोष माहीत असता तर गाडीची किंमत जेवढी कमी झाली असती तो फरक. मुख्य मागणी हीच ठेवा. परताव्याची मागणी पर्यायी म्हणून जोडा, तिच्यावर भिस्त नको. ‘अन्यायकारक करार’ हा शब्द तक्रारीत घालायचा मोह तुमच्या वकिलाला होईल. घालू देऊ नका. तो मुद्दा जिल्हा आयोगाच्या अधिकारात नाही, राज्य आयोगाकडे जावं लागेल, आणि तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

वेळेचंच बोलू. २०१९ च्या कायद्याचं कलम ६९ दोन वर्षांची मुदत देतं. ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. ते कारण ताब्याच्या दिवशी घडलं, दिवा लागला त्या दिवशी, की कपट कळलं त्या दिवशी, यावर तुमचा वकील छान वाद घालू शकेल. तुम्ही मात्र ताब्याचाच दिवस धरा. व्यापारी सेन्सर बदलत राहिला, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत राहिला, म्हणून मुदत आपोआप वाढत नाही. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण पुरेसं कारण द्यावं लागतं. ‘तो गोड बोलत होता’ हे कारण मी कुठल्याही सदस्यांपुढे मांडायला धजणार नाही. नोटीस याच आठवड्यात पाठवा, पंधरा दिवसांची. उत्तर येवो न येवो, सोळाव्या दिवशी तक्रार दाखल करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही ती करता येते. ज्यांनी व्यापाऱ्याऐवजी खासगी मालकाकडून गाडी घेतली आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. त्यांची वाट दिवाणी न्यायालयाची, आणि मुदत साधारण तीन वर्षांची.

दाखल झाल्यावर काय? कायद्यात लिहिलंय की विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत निकाल. ते वाचून मी आता हसतही नाही. वर्षं लागतील असं धरा आणि तोवर गाडीचं काय करायचं ते ठरवा. दिवा स्थिर असेल तर मेकॅनिकच्या सल्ल्याने जपून चालवा. लुकलुकू लागला तर गाडी थांबवा. ते बहुधा मिसफायरचं, म्हणजे इंजिनात इंधन नीट न पेटण्याचं लक्षण असतं, आणि न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खरोखरच जाळतं. मग दोष विकण्याआधीचा की तुमच्या चालवण्याचा, हा वाद तुम्ही स्वतःच व्यापाऱ्याच्या हातात दिलात असं होईल. टाळता येण्यासारखं नुकसान टाळलं नाहीत तर भरपाई कमी होते, हेही करार अधिनियमाच्या कलम ७३ मध्ये आहे.

ती पावती थर्मल कागदाची आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेवटच्या दोन ओळी आधीच फिकट पडल्या आहेत. नोटिशीच्याही आधी, आज, तिचा स्वच्छ फोटो आणि झेरॉक्स काढा, आणि मूळ पावती प्लास्टिकच्या पाकिटात न घालता साध्या कागदी लिफाफ्यात, उन्हापासून दूर ठेवा. ज्या गॅरेजने ती दिली त्यांच्या मशीनमध्ये नोंद शिल्लक आहे का, तेही विचारून या.