पाचवीच्या परीक्षेआधी, चौथीतल्या मुलाच्या आईला

ताई, मुलगा चौथीत आहे आणि त्याला अध्ययन अक्षमता (म्हणजे बुद्धी चांगली असूनही लिहिण्या-वाचण्यात किंवा गणितात अडखळणं) असावी असं वाटतं म्हणालात, तर तिच्या तपासणीच्या आणि प्रमाणपत्राच्या मागे आत्ताच लागा. ‘आठवीपर्यंत वर ढकलतातच’ यावर विसंबू नका. शिक्षण हक्क कायदा 2019 मध्ये बदलला आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग.

अध्ययन अक्षमतेची तपासणी मुंबईत सायन किंवा नायर रुग्णालयात होते. एका खेपेत काम होत नाही. कान-डोळे, बुद्ध्यांक, मग लेखन-वाचन-गणित. शाळेच्या वह्या खाडाखोडीसकट न्या, नीटनेटक्या करून नको. आम्ही तपासणीला गेलो तेव्हा माझा मुलगा सहावीत होता. तोवर त्याने ‘आळशी’ हा शब्द किती वेळा ऐकला असेल! ते अजून सलतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक (मुलगा सांगेल ते उत्तर लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं आहे. शाळेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी ‘बघू’वर थांबू नका.

आणि लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं नाही. उत्तर सांगून लिहून घेणं मुलाला शिकवावं लागतं. आमचा पहिल्या पेपरला गप्पच बसला होता. मग रोज संध्याकाळी तो सांगायचा, मी लिहायचे. स्वल्पविरामसुद्धा त्यानेच सांगायचा. तीन-चार महिन्यांत त्याचा आवाज मोकळा झाला. तुम्ही जूनपासूनच सुरू करा.