टर्बो बसवायचा, मग कॉम्प्रेशन उतरवायचं का?

प्रश्न : माझ्या गाडीचं दोन लिटरचं चार सिलिंडरी पेट्रोल इंजिन आहे, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) नसलेलं. बोर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ८६ मिमी, कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, १०.५. त्यावर टर्बो बसवून ०.७ बार बूस्ट (बाहेरच्या हवेच्या दाबावर जादा दाब) द्यायचा विचार आहे. मित्र म्हणतो, १०.५ गुणिले १.७ म्हणजे १७.८५, हे तर डिझेलचं कॉम्प्रेशन झालं. एकावर एक दोन हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली पट्टी) टाक आणि रेशो खाली आण. त्याचं ऐकू का?

उत्तर : मित्राचा गुणाकार बरोबर, निष्कर्ष चुकीचा. त्या १७.८५ मध्ये टर्बोने दाबलेली हवा आणि पिस्टनने दाबलेली हवा एकाच मापाने मोजली आहे. तापते दोन्हीकडे, आणि फार तापली की मिश्रण ज्योतीची वाट न बघता आपणहून पेटतं, धोका तोच. पण टर्बोने तापवलेली हवा इंजिनात शिरण्याआधी इंटरकूलरमधून फिरवून गार करता येते. पिस्टनने तापवलेली हवा कुठे नेणार? तिच्यापुढे थेट ठिणगीच.

आकडेच घ्या. बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस, बूस्ट ०.७ बार आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून हवा साधारण ९७ अंशांना बाहेर पडते. बरा इंटरकूलर तिला ४८ च्या आसपास आणतो. म्हणजे शिरतानाच ४९ अंश वाचले. आता गंमत बघा. १०.५ रेशोच्या इंजिनात दाबून होईपर्यंत हवेचं केल्विनमधलं तापमान २.३ पटींच्या जवळपास जातं, त्यामुळे ते वाचवलेले ४९ अंश पिस्टन वर पोचेपर्यंत ११० होतात. आणि इंजिन उघडून रेशो ८.५ वर आणला तर? त्याच हिशेबाने जेमतेम ५० अंशांचा फायदा. हा कागदावरचा हिशेब आहे, खऱ्या सिलिंडरात भिंती उष्णता खातात आणि मागे राहिलेला जळका वायू भर घालतो. तरीही पहिला खर्च इंटरकूलरवर करायचा, एवढं त्यातून कळतं.

दोन गॅस्केटचं मात्र अजिबात ऐकू नका. तो उद्योग मी स्वतः करून बसलोय. तुमच्या मापांवर १ मिमी जादा जाडीने दहनकक्ष ५.८ सीसीने वाढतो, रेशो ९.५५ वर येतो. मीही असाच हिशेब करून खूश झालो होतो. पण पिस्टन वर आला की त्याची सपाट कड आणि हेड यांच्यात १ मिमीच्या आसपास फट राहते. त्या चिमटीतून मिश्रण जोरात मध्ये ढकललं जातं, घुसळलं जातं, लवकर जळतं. ही फट मी दुप्पट केली. कडेचं मिश्रण तिथेच रेंगाळलं आणि ठिणगीची ज्योत पोचायच्या आत आपणहून पेटायला लागलं. लांब चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, फक्त अर्धा बार बूस्टवर दुसऱ्या सिलिंडरची रिंग लँड (पिस्टनवरची, रिंगांच्या खाचांमधली कड) तुटली. हेड काढल्यावर पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके. तो प्लग अजून माझ्या खणात आहे.

रेशो उतरवायचाच असेल तर वाटीच्या पिस्टनने उतरवा. ९ साठी प्रत्येक पिस्टनच्या माथ्यात साधारण १० सीसीची जादा वाटी लागेल. कडेचा सपाट भाग आणि फट तशीच राहिली पाहिजे. पण आधी दहनकक्ष मोजा. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर हवेत. कडेला ग्रीस लावून वर छिद्र पाडलेली ॲक्रिलिकची चकती दाबा आणि ब्युरेटने स्पिरिट सोडा. शेवटचा बुडबुडा काढण्यात संयमाची परीक्षा होते, तो राहिला तर आकडा खोटा. हा हेडमधला आकडा झाला. गॅस्केटची जाडी आणि पिस्टनचा माथा त्यात मिळवायचा. माझ्याकडे एकदा ‘१०.५’ म्हणून आलेलं इंजिन १०.९ निघालं, कारण हेड आधी कुणीतरी घासलेलं होतं.

हा वाद टर्बोगाड्यांइतकाच जुना आहे. १९६२ मध्ये जनरल मोटर्सच्याच दोन विभागांनी दोन उलट वाटा धरल्या. शेवरोलेने कॉर्व्हेअरला ८ चा रेशो दिला. ओल्ड्समोबिलने जेटफायरला १०.२५ ठेवला आणि मिश्रण आपणहून पेटून होणारी खटखट होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं. लोक ती टाकी भरायला विसरायचे! सॅबने १९७८ च्या ९९ टर्बोत रेशो ७.२ पर्यंत उतरवला. गाडी पळायची झकास, पण टर्बो जागा होईपर्यंत वाट बघावी लागायची.

माझं मत यावरच ठरलंय. बूस्ट मिळतो पाय दाबल्यावर, कॉम्प्रेशन मिळतं गाडी चालू असेपर्यंत. फक्त जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर रेशो उतरवून बूस्ट वाढवणंच फायद्याचं. पण इंधन मोजून मिळालं की पारडं फिरतं. १९८८ च्या फॉर्म्युला वनमध्ये टर्बो गाड्यांना (बाहेरच्या हवेचा दाब धरून) २.५ बारची आणि शर्यतीला १५० लिटरची मर्यादा होती. त्या वर्षी होंडाच्या इंजिनाचा रेशो ९.४ होता, आणि तेच इंजिन लावून मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती मारल्या.

तेव्हा तुम्ही १०.५ वरच राहा, चांगला इंटरकूलर लावा, ०.४ ते ०.४५ बारवर थांबा आणि बूस्ट असताना टायमिंग मागे घ्या, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडा. फार मागे नेलंत तर एक्झॉस्ट तापतो आणि टर्बाइन भाजते. ०.७ चा हट्टच असेल तर ९ चे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन घाला, रिंगांच्या टोकांमधली फटही जादा ठेवा. नाहीतर रिंगा तापून टोकाला टोक भिडतं आणि पुन्हा तीच रिंग लँड जाते.

प्रश्न : मग नव्या टर्बोगाड्यांना कारखान्यातूनच १०.५, १२.५ असे रेशो कसे देतात?

उत्तर : पेट्रोल थेट सिलिंडरात फवारतात, ते वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. नॉक सेन्सर खटखट ऐकून लगेच टायमिंग मागे घेतो. शिवाय १२.५ वाल्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटवतात, म्हणजे प्रत्यक्ष दाब त्या आकड्यापेक्षा कमीच पडतो. निस्सानने तर २०१८ पासून विकायला काढलेल्या व्हीसी-टर्बोत क्रँकजवळचे दुवे फिरवून रेशो चालत्या गाडीत ८ ते १४ बदलता ठेवलाय: हलक्या पायाला १४, जोर लावला की ८.