नववीच्या गणिताला पिझाचा प्रश्न

फोंड्याच्या शाळेत रुजू झालीस, आता तुझ्यापुढे 'पिझा', 'टिम्स' या आंतरराष्ट्रीय चाचण्यांची नावं वारंवार येतील. क्रमवारीच्या बातम्या वाचून घाबरू नकोस. पिझाच्या २००९च्या फेरीत भारतातून तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले, दोघेही तळाशी राहिले, यापलीकडे त्यातून वर्गासाठी काही मिळत नाही. पिझा पंधरा वर्षांच्या मुलांची, टिम्स चौथी-आठवीची. म्हणजे आपलीच मुलं.

कामाचे आहेत ते त्यांनी खुले केलेले प्रश्न. एक बघ: सारख्याच जाडीचे दोन गोल पिझ्झा, एक ३० सेंटिमीटर व्यासाचा ३० झेडला, दुसरा ४० सेंटिमीटरचा ४० झेडला (झेड हे काल्पनिक चलन). पैशाच्या मानाने कुठला परवडतो, आणि का? व्यास सवापटीहून थोडा जास्त, पण क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोनपट. सूत्र घडाघडा म्हणणारी मुलंसुद्धा 'दोन्ही सारखेच' म्हणतात. हाच प्रश्न म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या पापडांवर घाल.

आणि तपासताना नुसती फुली मारू नकोस. टिम्सच्या तपासणीत चुकीच्या उत्तरांनाही चुकीच्या प्रकारानुसार वेगळा संकेतांक असतो. तूही वहीच्या मागच्या पानावर तीनच रकाने आख: व्यासाचीच तुलना केली, सूत्र चुकलं, उत्तर बरोबर पण कारण नाही. ज्या रकान्यात गर्दी, तो दुसऱ्या दिवशीचा पाठ. पोर्शन मागे पडेल म्हणून कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे. पंधरवड्याला एक प्रश्न पुरे.