प्रॉमच्या रात्री आई-बाबांनी शॅपरोन व्हावे का?

न्यू जर्सीतील एका दांपत्याचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी बारावीत असून जूनमध्ये तिच्या शाळेचा प्रॉम, म्हणजे वर्षाअखेरचा औपचारिक नृत्यसमारंभ, एका बँक्वेट हॉलमध्ये होणार आहे आणि शॅपरोन म्हणून, म्हणजे देखरेखीला हजर राहणारी प्रौढ माणसे म्हणून, येण्याचे आवाहन शाळेने पालकांना केले आहे. बाबांना जाण्याची फार इच्छा आहे, आईच्या मनात संकोच आहे, आणि मुलीने ‘आलात तर या, पण मला ओळख दाखवू नका’ असे सांगितले आहे. दोघांनी मिळून जावे का, गेल्यास तिथे नेमके काय करायचे आणि पेहराव कोणता करायचा, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत असे की अवश्य जावे, परंतु आपण आपल्या मुलीवर लक्ष ठेवायला जात नाही, हे दोघांनी आधी आपापसांत स्पष्ट ठरवून मगच होकार कळवावा. शाळेला त्या रात्री काही जबाबदार प्रौढ माणसे हवी असतात आणि त्यांच्यावर सोपवलेली मुले ही बहुतांशी दुसऱ्यांची असतात. मुलीची अट मला रास्त वाटते. ती पाळणे तुम्हाला जमणार नसेल, किंवा तिने मनापासून नकार दिला असेल, तर जाऊ नये. अनेक ठिकाणी प्रॉमनंतर मुलांनी रात्री भटकू नये म्हणून पालक शाळेतच पहाटेपर्यंत खेळ आणि खाणेपिणे ठेवतात. तुमच्या शाळेत तशी प्रथा असल्यास तिथे मदतीला जाता येईल.

अनेक शाळा स्वयंसेवक पालकांची पार्श्वभूमी तपासतात आणि त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज दोघांच्या नावे वेगवेगळा आणि लवकर भरावा. दोघांनी संध्याकाळभर एकाच कोपऱ्यात उभे राहून एकमेकांशी मराठीत बोलत बसणे टाळावे. त्यामुळे कामही होत नाही आणि मुलांना उगाच आपल्याविषयीच काही चालले आहे असे वाटते. प्रवेशद्वारावर तिकिटे व ओळखपत्रे पाहणे, पिशव्यांची तपासणी चालू असताना रांग सांभाळणे, कोट ठेवून घेणे, मार्गिका, स्वच्छतागृहे आणि पार्किंगकडे फेरी मारणे अशी कामे असतात. त्यांपैकी वेगवेगळी कामे दोघांनी मागून घ्यावीत. एकदा बाहेर पडलेल्या मुलाला पुन्हा आत घ्यायचे नाही, असा नियम बहुतेक शाळांत असतो. मुले कितीही गोड बोलली तरी तो आपल्या अधिकारात शिथिल करू नये. आणि कोणत्याही विद्यार्थ्याशी बंद खोलीत एकट्याने बोलू नये. शेजारी शाळेचे कोणी तरी असावे, हे त्या मुलाच्या आणि तुमच्या दोघांच्याही हिताचे आहे.

आता दारूविषयी, कारण आईच्या संकोचाचे खरे कारण तेच असावे असे पत्रावरून वाटते. 1984 च्या संघराज्य कायद्यानंतर अमेरिकेतील सर्व राज्यांत मद्य विकत घेण्याचे किमान वय 21 झाले. प्रॉमला येणारे जवळपास प्रत्येक मूल त्याहून लहान असते. तरीही काही मुले येण्यापूर्वीच कुणाच्या तरी घरी किंवा गाडीत पिऊन येतात. असे मूल दिसले किंवा कुणाकडे बाटली अथवा व्हेप (ई-सिगारेट) आढळले, तर स्वतः झडती घेऊ नये, दरडावू नये, आणि मुख्य म्हणजे प्रकरण परस्पर मिटवू नये. हजर असलेल्या व्हाइस प्रिन्सिपलना लगेच सांगावे. ते मूल ओळखीच्या मराठी घरातले असेल, तर ‘बिचाऱ्याचे कॉलेज ठरले आहे, पदवीदान समारंभाला बसू देणार नाहीत’ या विचाराने तोंड बंद ठेवण्याचा मोह अनावर होतो. तो मोह कितीही मायेपोटी आलेला असला, तरी गाडीची किल्ली खिशात असलेल्या मुलाला त्या मायेचा काही उपयोग नसतो. मूल शुद्धीवर नसेल, त्याला उठवता येत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, अंग गार पडले असेल, तर कुणाच्याही परवानगीची वाट न पाहता 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. त्याला कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि क्षणभरही एकटे सोडू नये. कॉफी पाजून किंवा तोंडावर पाणी मारून दारू उतरत नाही.

स्वतःच्या मुलीबाबत असा प्रसंग आला, तर निर्णय दुसऱ्या शॅपरोनकडे किंवा शाळेकडे सोपवून तुम्ही केवळ आई-बाबा म्हणून बाजूला उभे राहावे.

याहून अवघड गोष्ट दुसऱ्या दिवशी सुरू होते, आणि आपल्या समाजात तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. त्या हॉलमध्ये तुम्हाला कदाचित मंडळाच्या गणेशोत्सवात भेटणाऱ्या कुटुंबांची मुले दिसतील. कुणी घरच्यांना माहीत नसलेल्या मुलाच्या हातात हात घालून आलेली असेल, कुणी मुलगा दुसऱ्या मुलाला जोडीदार म्हणून घेऊन आलेला असेल. 1980 मध्ये ऱ्होड आयलंडमधील आरन फ्रिक या विद्यार्थ्याच्या खटल्यात फेडरल न्यायालयाने दुसऱ्या मुलाला जोडीदार म्हणून घेऊन प्रॉमला जाण्याचा त्याचा हक्क मान्य केला होता. आज अनेक शाळांत ही साधी गोष्ट आहे, परंतु त्या मुलाच्या घरी ती साधी असेलच असे नाही. ती घरी केव्हा आणि कशी सांगायची, हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलाचा आहे. म्हणून जे धोक्याचे आहे ते शाळेला सांगावे, आणि जे केवळ खासगी आहे ते कुणालाही सांगू नये, अगदी जिवलग मैत्रिणीलाही नाही. ‘तुझ्या लेकीला पाहिले हो काल’ या निरुपद्रवी वाक्याने एखाद्या घरात कसली वादळे उठतील, याचा अंदाज आपल्याला नसतो. दुसऱ्यांच्या मुलांची छायाचित्रे काढून व्हॉट्सॲपवर पाठवणेही याच कारणाने टाळावे. भारतातील आजी-आजोबांसाठी नातीची छायाचित्रे निघण्यापूर्वी घरासमोर, तिच्या संमतीने काढावीत.

परतीचा प्रवास आधीच ठरवावा. न्यू जर्सीत प्रोबेशनरी लायसन्स (नव्या चालकांचा अटींसह दिलेला परवाना) असलेल्या 21 वर्षांखालील चालकांना रात्री 11 नंतर पहाटे 5 पर्यंत गाडी चालवण्यास सामान्यतः मनाई आहे आणि एरवीही सोबत एकाहून अधिक प्रवासी घेण्यावर बंधन आहे. म्हणजे प्रॉम संपल्यावर मित्रमैत्रिणींनी भरलेली गाडी घेऊन तिने निघणे सहसा नियमात बसणारच नाही. प्रॉमनंतर समुद्रकिनारी दोन-तीन दिवस राहण्याची टूम तिकडे जुनी आहे. तिच्याविषयीची चर्चा प्रॉमच्या आठवडाभर आधी संपवावी, हॉलच्या दारात ती मुळीच काढू नये. तुम्हा दोघांना आवराआवर संपेपर्यंत थांबावे लागेल, तेव्हा तिने तुमच्याबरोबर यावे अशी अपेक्षा न ठेवता तिला आणणारी वेगळी प्रौढ व्यक्ती ठरवून ठेवावी.

पेहरावाविषयी आईने संकोच बाळगू नये. शाळेने वेगळी सूचना दिली नसेल, तर साडी अगदी शोभून दिसेल आणि बाबांना साधा गडद सूट पुरेसा आहे. पायांत मात्र सपाट चपला किंवा बूट असावेत, कारण चार-पाच तास उभे राहायचे असते आणि पार्किंगमधल्या फेऱ्या वेगळ्या. नाचण्याचे म्हणाल, तर मुलांनी आपणहून बोलावले तर एखाद्या गाण्यापुरते दोघांनी जावे, आणि मुलगी त्याच घोळक्यात असेल तर आधी तिच्याकडे पाहावे. तिने नजर चुकवली, तर हसून नकार द्यावा आणि आपापल्या जागी परतावे.