“मग हा विषाणू यांनीच आणला ना?”

एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारा विषाणू) पॉझिटिव्हचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न कर्करोगाबद्दल असेल, असं कुणालाही वाटेल. माझ्यासमोर पुष्कळदा वेगळाच प्रश्न येतो. चाळिशी ओलांडलेल्या या बाईंनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) खुर्चीत बसता बसताच विचारलं, “मॅडम, लग्नाला अठरा वर्षं झाली. मी कधी परपुरुषाकडे मान वर करून पाहिलं नाही. मग हा विषाणू यांनीच आणला ना? यांचीही तपासणी करा.”

नवऱ्याशी अबोला सुरू होता. आणि त्या भांडणात कॉल्पोस्कोपीची, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून पाहण्याच्या तपासणीची, ठरलेली तारीख उलटून गेली होती. मला धास्ती वाटली ती त्या तारखेची.

मी त्यांना सांगितलं, पुरुषांसाठी या विषाणूची मान्यताप्राप्त अशी नेहमीची तपासणीच नाही. आणि तुमच्या रिपोर्टवरून विषाणू कधी, कुणाकडून आला हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. तो वर्षानुवर्षं शरीरात गप्प राहू शकतो. लग्नाआधीचा असेल, कुणाचाही असेल. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होतोच. निरोध वापरल्याने धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही, कारण हा त्वचेच्या स्पर्शातूनही पसरतो. याच्या आधारे नवऱ्यावर आरोप ठेवणं अन्यायाचं होईल, असं मी स्पष्ट बोलले.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच आलं, “म्हणजे मला कॅन्सर झालाय?”

नाही. दहापैकी साधारण नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत हा विषाणू स्वतःच हटवतं. धोका असतो तो मुक्काम ठोकून बसलेल्या विषाणूचा, त्यातही १६ आणि १८ या प्रकारांचा. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हे दोनच आहेत. पण तिथल्या पेशी बिघडत बिघडत कर्करोगापर्यंत पोचायला सहसा १५-२० वर्षं लागतात. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती खालावली असेल तर हा काळ बराच आखडतो. तपासणीचा सगळा फायदा या मधल्या वर्षांत आहे, म्हणून चुकलेली तारीख मला इतकी लागली होती.

“मग माझाच का गेला नाही?” याला एकच एक उत्तर नसतं. पाच वर्षांहून जास्त काळ गर्भनिरोधक गोळ्या, जास्त बाळंतपणं, क्लॅमिडियासारखा दुसरा संसर्ग, यांनी धोका वाढतो. गोळ्या थांबवल्यावर तो हळूहळू उतरतो. बाईंच्या बाबतीत माझं लक्ष गेलं ते सिगारेटकडे. घरात कुणाला माहीत नव्हतं. धुरातली घातक द्रव्यं गर्भाशयमुखाच्या स्रावातही सापडतात आणि विषाणू हटवायला शरीराला जड जातं, हे ऐकून त्या चपापल्या. फुप्फुसांपलीकडचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

नवी तारीख आम्ही तिथेच फोन करून घेतली. बायोप्सीत कर्करोगाआधीचे बदल निघाले, तेवढा भाग उपचाराने काढला. वर्षाने पुन्हा तपासणी आहे. बारा वर्षांच्या मुलीला या विषाणूविरुद्धची लस द्यायचं त्यांनी आणि नवऱ्याने मिळून ठरवलं. ९ ते १४ हे वय त्यासाठी उत्तम. सिगारेट कमी झालीय, सुटलेली नाही. सध्या आमच्या भेटी त्यासाठीच असतात.