टॉप झाला हे कोडला कधी कळतं?

बाजाराचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : मॅडम, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, दिवसा मी तिथले हिशेब बघतो. पायथॉन शिकून पंधरा मिनिटांच्या कँडलवर (तेवढ्या वेळातला भाव दाखवणारी चार्टवरची पट्टी) चालणारा अल्गो, म्हणजे आपोआप सौदे करणारा प्रोग्राम, लिहिला आहे. भाव नवा हाय (उच्चांक) करतो आणि आरएसआय (भावाचा वेग मोजणारा इंडिकेटर) मात्र मागच्या हायच्या खाली राहतो, तिथे शॉर्ट, म्हणजे आधी विकून नंतर स्वस्तात घ्यायचं. तळाशी याच्या उलट दिसलं तर बाय. बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर चालवून बघितलं तेव्हा, दहातले सात सौदे फायद्यात होते, लाइव्ह केल्यावर दहातले सहा तोट्यात जातात. आरएसआय १४ ऐवजी ९ करू का? की सोबत एमएसीडी या दुसऱ्या इंडिकेटरची अट घालू? कोड आणि सौद्यांची यादी जोडली आहे.
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : दोन्ही करू नका. कोड आणि यादी जोडलीत ते फार चांगलं केलंत, कारण दोष इंडिकेटरच्या आकड्यात नाही, हे त्यावरूनच कळलं.

तुमच्या कोडमध्ये स्विंग हाय ठरवताना त्या कँडलच्या डावीकडच्या पाच आणि उजवीकडच्या पाच कँडल तपासल्या आहेत. मधल्या कँडलचा हाय सगळ्यांत वर असेल तर तो टॉप. व्याख्या म्हणून हे बरोबर आहे. पण एंट्री तुम्ही त्याच मधल्या कँडलच्या क्लोजला धरली आहे. त्या क्षणी उजवीकडच्या पाच कँडल अजून जन्मालाच आलेल्या नसतात. १०:१५ ला सुरू झालेली कँडल १०:३० ला बंद होते, तिच्यानंतरची पाचवी ११:४५ ला. टॉप झाला हे कळायला सव्वा तास लागतो आणि बॅकटेस्ट तो सव्वा तास गिळून टाकतो.

इथेच तुमचे दहातले सात तयार होतात. टॉप म्हणजे पुढच्या पाच कँडलमध्ये जो हाय मोडला नाही तो. त्यामुळे तुमच्या बॅकटेस्टमधला प्रत्येक शॉर्ट सुरू होतानाच ‘सव्वा तास हा हाय तुटणार नाही’ हे आधी सांगून ठेवल्यासारखं झालं. ज्या ठिकाणी डायव्हर्जन्स (भाव आणि आरएसआय यांची ही फारकत) दिसूनही भाव वर निघून गेला, ती ठिकाणं टॉप ठरलीच नाहीत, म्हणून यादीत आलीच नाहीत. लाइव्हमध्ये ती येतात. तुमच्या यादीतला पहिलाच सौदा बघा : बॅकटेस्टमध्ये शॉर्ट १,०१२ ला आहे. टॉप पक्का झाला तेव्हा भाव १,००३ होता. टार्गेट दहा रुपयांचं, त्यातले नऊ कोडला काही कळायच्या आधीच संपले.

दुरुस्ती छोटी आहे. टॉपच्या ओळीवर लावलेली खूण पाच ओळी खाली सरकवा आणि सौदा त्याच्या पुढच्या कँडलच्या ओपनला धरा. मग एक तपासणी करा, ही मी वर्गात संख्याशास्त्र शिकवताना प्रत्येक मुलाकडून करून घेत असे : सकाळी ११ पर्यंतचाच डेटा देऊन कोड चालवा, सिग्नल लिहून ठेवा. मग दुपारी १२ पर्यंतचा डेटा द्या. अकराच्या आधीचा एक जरी सिग्नल नव्याने उगवला किंवा गायब झाला, तर कोड पुढचं बघतोय. या तपासणीतून पार पडल्याशिवाय कुठल्याही बॅकटेस्टच्या टक्केवारीवर एक रुपया लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता आरएसआयकडे येऊ, कारण मूळ गैरसमज तिथे आहे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये तो मांडला. मागच्या १४ कँडलमधल्या वाढीची सरासरी भागिले घसरणीची सरासरी, आणि ते गुणोत्तर ० ते १०० मध्ये बसवलेलं. वाढीची सरासरी ४ रुपये, घसरणीची १ रुपया, तर आरएसआय ८०. पुढच्या चढात वाढ ३ रुपये आणि घसरण तीच १ रुपया, तर ७५. भाव अजून वर चाललाच आहे, नवा हायही झाला, आणि तुमच्या कोडला डायव्हर्जन्स सापडला. पण घडलं काय? वेग कमी झाला, एवढंच. मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावात बोली २,००० वरून शंभर-शंभराने २,५०० वर जाते आणि मग वीस-वीसने २,५८० वर. बोली मंदावली म्हणजे भाव उतरला असं कोणी अडत्या म्हणणार नाही. जोरदार तेजीत पहिली उसळी बहुतेक वेळा सर्वांत वेगाची असते, म्हणून अशा तेजीत मंदीचे डायव्हर्जन्स एकामागून एक दिसत राहतात आणि प्रत्येकावर शॉर्ट करणारा भरडला जातो.

९ चा आरएसआय जास्त उड्या मारतो. डायव्हर्जन्स वाढतील, त्यांचा दर्जा वाढणार नाही. एमएसीडी जेराल्ड अ‍ॅपेल यांचा, १२ आणि २६ कँडलच्या एक्स्पोनेन्शियल (अलीकडच्या भावाला जास्त वजन देणाऱ्या) सरासऱ्यांमधला फरक आणि त्या फरकाची ९ कँडलची सरासरी म्हणजे सिग्नल लाइन. तोही त्याच क्लोजिंग भावातून निघतो. एकाच माणसाला दोनदा विचारून दोन साक्षी होत नाहीत. दुसरी अट घालायचीच असेल तर भावातून न निघणारी घाला, उदाहरणार्थ व्हॉल्यूम. किंवा निदान वेगळा प्रश्न विचारणारी घाला : ट्रेंड किती बळकट आहे? त्यासाठी वाइल्डर यांचाच एडीएक्स हा इंडिकेटर आहे. तो २५ च्या वर असताना ट्रेंडच्या विरुद्ध डायव्हर्जन्सवर सौदाच करायचा नाही, हा नियम मला सर्वांत उपयोगी वाटतो. भाव एका पट्ट्यात फिरत असतो तेव्हाच या सिग्नलला थोडा अर्थ असतो.

तुमचा आरएसआय ब्रोकरच्या चार्टशी जुळत नाही, असं तुम्ही कोडमध्ये शेरा म्हणून लिहिलंय. कारण तुम्ही साधी सरासरी घेतलीय. वाइल्डरची सरासरी वेगळी आहे : मागची सरासरी गुणिले १३, अधिक नवा आकडा, भागिले १४. पांडाजमध्ये (पायथॉनचं आकडेमोडीचं साधन) अल्फा, म्हणजे नव्या आकड्याचं वजन, १/१४ ठेवा. स्पॅन १४ लिहू नका, त्याचा अल्फा २/१५ होतो. वाइल्डरशी जुळणारा स्पॅन २७ आहे. आणि सुरुवातीच्या कँडल सोडून द्या. पहिल्या सरासरीचं वजन १४ कँडलनंतरही ३५ टक्के उरतं, १०० कँडलनंतर ते हजारात एकाच्या खाली जातं. तुमच्या वेळमर्यादेत दिवसाला २५ कँडल होतात, म्हणजे चार दिवसांचा डेटा नुसता तापवायला लागेल. बोनस किंवा स्प्लिटसाठी दुरुस्त न केलेला डेटा तर वापरूच नका. १:१ बोनसच्या दिवशी भाव निम्मा होतो आणि कोडला तिथे जगबुडी दिसते.

खर्चाचं गणित कोडमध्ये कुठेच नाही. हजार रुपयांचे शंभर शेअर इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी, घेऊन विकले तर विक्रीवरचा एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) ०.०२५ टक्के म्हणजे २५ रुपये. ब्रोकरेज दोन्ही बाजूंचं वीस-वीस धरलं तर ४०. जीएसटी, एक्स्चेंजचं शुल्क आणि स्टॅम्प ड्यूटी धरून बेरीज ऐंशीच्या वर जाते, म्हणजे शेअरमागे ऐंशी पैसे. दोन्ही वेळी वीस-वीस पैशांचं स्लिपेज (धरलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक) धरा, सव्वा रुपया गेला. सरासरी सौद्यात दोन रुपये कमावणाऱ्या पद्धतीचा निम्म्याहून जास्त फायदा इथेच संपतो.

मग डायव्हर्जन्स टाकूनच द्यायचा का? नाही. मी तो एंट्रीसाठी वापरू नका म्हणेन, बाहेर पडण्यासाठी वापरा. तेजीचा सौदा हातात आहे, नव्या हायला आरएसआय खाली राहिला, तर अर्धा माल विका किंवा स्टॉपलॉस (तोटा थांबवणारी विक्रीची ऑर्डर) वर सरकवून मागच्या स्विंग लोच्या, म्हणजे अलीकडच्या तळाच्या, जरा खाली ठेवा. वेग कमी झाला ही बातमी फायद्यात बसलेल्याला मोलाची असते. इथे सव्वा तासाचा उशीरही तितका छळत नाही, कारण तुम्ही आधीच योग्य बाजूला आहात. हा बदल करून आधी कागदावर चालवा, आणि कारखान्याच्या खेळत्या भांडवलाला हात लावू नका. तुमच्या पत्रात शेवटी ओझरता उल्लेख आहे, म्हणून हे लिहिते.

प्रश्न : म्युच्युअल फंडवाले ‘मोमेंटम फंड’ म्हणतात तो आणि हा आरएसआय एकच का?
— निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही, सर. नाव एक, काम वेगळं. आरएसआय एकाच शेअरचा अलीकडचा वेग मोजतो. फंडातला मोमेंटम शेअरांची एकमेकांशी तुलना करतो : गेल्या काही महिन्यांत कोण पुढे होतं, तेच घ्यायचं. जेगदीश आणि टिटमन या संशोधकांनी १९९३ मध्ये अमेरिकी शेअरांवर दाखवलं की तीन ते बारा महिन्यांत पुढे असलेले शेअर पुढचे काही महिनेही सरासरीने पुढे राहिले. आपल्याकडचा निफ्टी २०० मोमेंटम ३० निर्देशांक सहा आणि बारा महिन्यांचा परतावा चढउतारांच्या तुलनेत मोजून तीस शेअर निवडतो, आणि वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, यादी बदलतो. बाजार पडून एकदम उलटा फिरतो तेव्हा हा प्रकार जोरात आपटतो. पेन्शनीतला मोठा हिस्सा त्यात नको.

प्रश्न : ताई, माझ्या मुलाने मोबाइलवरच्या एका ग्रुपमधून ‘डायव्हर्जन्स रोबोट’ घेतला आहे. महिन्याला आठ टक्के पक्के, असं ते सांगतात. त्याने ब्रोकरच्या खात्याची एपीआय की (प्रोग्रामला खात्यातून सौदे करू देणारी किल्ली) आणि पासवर्ड त्यांना दिला. मी आणि त्याचे वडील दोघंही शिवणकामावर घर चालवतो. रात्री झोप लागत नाही.
— एक आई, विडी घरकुल

उत्तर : ताई, आधी एक काम, हा अंक खाली ठेवून आजच. मुलाला खात्यात जाऊन ती एपीआय की रद्द करायला सांगा, पासवर्ड बदलायला सांगा आणि ओटीपी कुणालाही द्यायचा नाही हे बजावा. पैसे खात्यात पडून असतील तर ते बँकेत परत घ्या. मुलावर रागावू नका, त्याने सगळं तुम्हाला सांगणं आत्ता जास्त गरजेचं आहे.

शेअर बाजारात ‘पक्के’ म्हणणारा माणूस तिथेच खोटा ठरतो. अल्गोच्या परताव्याचे दावे करणाऱ्या अनियंत्रित प्लॅटफॉर्मशी ब्रोकरने कुठलाही संबंध ठेवू नये, असं बाजाराची नियामक संस्था सेबीने २ सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकात बजावलं आहे. ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने आणखी पुढचं सांगितलं : अल्गो ब्रोकरमार्फतच द्यायचा, एक्स्चेंजकडे त्याची नोंद हवी, आणि आतलं गणित ग्राहकाला दिसत नसेल तर देणाऱ्याकडे रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून सेबीची नोंदणी हवी. ग्रुपवाल्यांकडे हा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर जुळवून बघा. क्रमांकाऐवजी फायद्याचे स्क्रीनशॉट आले, तर बोलणं तिथेच थांबवा.

ते एक आकडा सांगतील, तो खराही आहे : मोठ्या संस्थांचा वायदे-ऑप्शनमधला बहुतेक नफा अल्गोतूनच येतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात तसं दिसतं. त्याच अभ्यासात हेही आहे की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. हा दुसरा आकडा मुलाला वाचून दाखवा.

पैसे आधीच गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. ग्रुपमधले मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या पुसू नका, तक्रारीला त्याच लागतील.