फ्लाइट म्हणजे फक्त उड्डाण का?

इंग्रजी 'फ्लाइट' असलेल्या शब्दप्रयोगांची यादी पाठवून तुम्ही विचारलंय की 'फ्लाइट रिस्क'मध्ये विमान कुठून आलं, आणि जिन्यालाही फ्लाइट का म्हणतात. मी रत्नागिरीत मुलांना इंग्रजी शिकवतो. हा प्रश्न वर्गातही येतो आणि मला तो फार आवडतो, कारण इथे स्पेलिंग एक असलं तरी शब्द दोन आहेत.

एक फ्लाइट 'फ्लाय'वरून आलाय, म्हणजे उडणं. दुसरा 'फ्ली'वरून, म्हणजे पळ काढणं. जर्मन भाषेत ही दोन नामं आजही वेगळी आहेत: उड्डाणाला फ्लूग, पलायनाला फ्लुख्ट. इंग्रजीत दोघांचं रूप सारखंच झालं आणि घोटाळा तिथून सुरू झाला. म्हणून जोडशब्द दिसला की आधी विचारा, यात कुणी उडतंय की पळतंय?

फ्लाइट रिस्क म्हणजे आरोपी फरार होण्याची भीती. जामिनाच्या बातम्यांत हा शब्द भेटतो. कॅपिटल फ्लाइट म्हणजे भांडवल देशाबाहेर पळणं. 'फाइट ऑर फ्लाइट'चं भाषांतर 'लढा किंवा उड्डाण' असं छापलेलं मी स्वतः वाचलंय आणि फार वाईट वाटलं. संकट दिसताच शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, एवढाच त्याचा अर्थ.

उडण्याच्या बाजूला फ्लाइट ऑफ फॅन्सी, म्हणजे कल्पनेची भरारी, पण जरा वास्तव सोडून गेलेली. मेडन फ्लाइट आणि इनॉगरल फ्लाइट यांत लोक हमखास गल्लत करतात. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून 9 ऑक्टोबर 2021 रोजी प्रवासी सेवा सुरू झाली, ती पहिली फेरी इनॉगरल. मेडन म्हणजे ते विमान मुळात पहिल्यांदा हवेत झेपावतं ती. टॉप-फ्लाइट म्हणजे अव्वल दर्जाचा; तिथे विमान शोधू नका.

राहिला जिना. दोन लँडिंगच्या, म्हणजे जिन्यातल्या सपाट जागांच्या, मधल्या सलग पायऱ्या म्हणजे एक फ्लाइट. आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, डोळ्यांसमोर आणा: दहा-बारा पायऱ्या चढलो की सपाट जागा येते, दम खातो, पुन्हा पायऱ्या. तो मधला प्रत्येक टप्पा म्हणजे एक फ्लाइट ऑफ स्टेप्स. मुलांना हे पाखाडीवर नेऊन सांगितलं की पुन्हा विचारावं लागत नाही.

तुमच्या यादीतलं 'टेक फ्लाइट' मी मुद्दाम शेवटी ठेवलं. हिवाळ्यात किनाऱ्यावर कुरवांचा थवा बसलेला असतो. वरून समुद्री गरुड घिरटी घालतो आणि सगळा थवा एकदम उठतो. इंग्रजीत त्याला 'टुक फ्लाइट' म्हणतील, आणि तिथे उडणं व पळणं, दोन्ही अर्थ खरे असतात. मी असतो तर लिहिलं असतं, 'थवा भुर्रकन उडून पळाला.'